गाठ निघाली, मग केमो कशाला?

वाचकाचा प्रश्न

इंदूरहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांच्या ६३ वर्षांच्या आईच्या स्तनातली गाठ तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन करून काढली. रिपोर्ट असा: गाठ ३ सेंटिमीटर, ग्रेड ३, काखेतल्या १५ ग्रंथींपैकी २ मध्ये आजार, ईआर-पीआर (गाठ हार्मोनवर पोसली जाते का, याच्या खुणा) पॉझिटिव्ह, हर-टू (पेशीची वाढ पेटवणारं एक प्रथिन) निगेटिव्ह. सर्जन म्हणाले, कडा स्वच्छ आहेत, सगळं निघालं. आता कॅन्सरच्या डॉक्टरांनी केमो सांगितली आहे. चार वेळा ‘लाल औषध’ दर तीन आठवड्यांनी, नंतर बारा आठवडे दर आठवड्याला दुसरं. आईंना शुगर आणि बीपी दोन्ही आहे.

आई रामबागेत मोठ्या मुलाकडे राहतात. दादाचं म्हणणं, ‘सगळं निघालंय तर हे विष कशाला? बाबांना केमोनेच मारलं.’ बाबांना २००९ मध्ये जठराचा कॅन्सर झाला होता, कळला तेव्हा यकृतापर्यंत गेला होता, आणि त्यांचं सगळं दादानेच केलं. एका नातेवाइकाने काढा सुचवला, त्याच्या बाटल्या घरात आल्या आहेत. शेजारच्या काकांना रक्ताचा कॅन्सर आहे. ते कित्येक वर्षं रोज एक गोळी घेतात आणि स्कूटरवरून खजराना गणपतीला जातात. आईंना तशी गोळी का नाही, असं वहिनी विचारते. ‘गणपती होऊन जाऊ देत, मग बघू,’ यावर मात्र घरात एकमत आहे. आईंना आजाराचं नाव सांगितलेलं नाही, ‘साधी गाठ होती’ एवढंच. पत्राच्या शेवटी दोन प्रश्न आहेत: ‘मी डॉक्टरांचं ऐकू की दादाचं? आणि आईला कळू न देता केमो देता येते का?’

उत्तर

ताई,

रिपोर्टमधले आकडे नीट उतरवून पाठवलेत, त्यामुळे माझं काम सोपं झालं. मी डॉक्टर नाही. नोकरीची बहुतेक वर्षं केमोची औषधं तयार करायच्या खोलीत, फार्मासिस्ट म्हणून गेली. आईंना केमो द्यायची की नाही हे मी ठरवणार नाही, पण ही औषधं काय करतात, कुणाला कशासाठी देतात आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर काय विचारायचं, हे सांगू शकते.

पत्रात दादा जरा खलनायक झालेत. मला ते तसे दिसत नाहीत. ज्या माणसाने वडिलांच्या उलट्या काढल्या, त्याने आईच्या वेळी बिचकावं यात नवल काय? ‘सगळं निघालंय तर औषध कशाला’ हा त्यांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. फक्त तो डॉक्टरांना विचारायला हवा. काढा सुचवणाऱ्या नातेवाइकाकडे त्याचं उत्तर नाही.

सर्जन बोलले ते खरंच आहे. काढलेल्या भागाच्या कडांवर सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, एवढा त्याचा अर्थ. पण एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी असतात असं धरतात. आईंची गाठ तीन सेंटिमीटरची होती आणि तिच्यातल्या पेशी काखेतल्या दोन ग्रंथींपर्यंत गेल्या होत्या, म्हणजे मूळ जागा सोडून निघायचं त्यांना जमत होतं. त्यातल्या मूठभर पेशी हाडात किंवा यकृतात जाऊन बसल्या असल्या तर त्या कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाहीत; दिसायला त्यांचा काही मिलिमीटरचा गोळा व्हावा लागतो, आणि तो होईपर्यंत आजार पुन्हा सुरू झालेला असतो. ऑपरेशननंतरची केमो या न दिसणाऱ्या पेशींसाठी असते. १९७६ मध्ये इटलीतल्या मिलानच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की काखेत आजार पोहोचलेल्या बायकांना ऑपरेशननंतर औषधं दिली तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. आज आईंना जे सांगितलंय त्याची सुरुवात तिथे आहे.

आता बाबांचं. त्यांचा आजार यकृतात पोहोचला होता. अशा वेळी केमो दिली जाते ती आजार थोडा मागे रेटावा, त्रास कमी व्हावा, हातात थोडे अधिक महिने यावेत म्हणून. आजार मुळासकट जाईल अशी अपेक्षा त्यात बहुधा नसते. कधीकधी ते महिने मिळतात, कधी मिळत नाहीत, आणि औषधाचा त्रास तेवढा लक्षात राहतो. शेवटचे दिवस केमोने अधिक कठीण केले असं दादांना वाटत असेल तर ते उडवून लावू नका, तसं घडतं. पण आईंची केमो त्या कामासाठी नाही. दादांना एवढंच म्हणा, की डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारू या: ‘हे औषध बरं करायला देताय, परत येऊ नये म्हणून देताय, की आयुष्य लांबवायला?’ हे कळल्याशिवाय किती त्रास सोसायचा याचा हिशेबच मांडता येत नाही. ज्यांच्या घरात केमो सुरू आहे त्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारावा. कित्येकांना तिसरी-चौथी केमो होईपर्यंत याचं उत्तर माहीत नसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दादा ‘विष’ म्हणतात, त्यात इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मस्टर्ड वायूच्या जातीचं एक रसायन लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, रुग्णाला शिरेतून दिलं गेलं आणि गाठी वितळल्या. युद्धाची गुप्तता होती, म्हणून ही गोष्ट १९४६ पर्यंत छापून आली नाही. आईंना लाल औषधाच्या जोडीला बहुधा सायक्लोफॉस्फमाइड मिळेल, ते त्याच कुळातलं. ते यकृतात जाऊन सक्रिय होतं आणि पेशीच्या डीएनएचे दोन धागे एकमेकांना सांधून टाकतं, मग धागे उलगडत नाहीत आणि पेशीला दुभंगता येत नाही. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसतं आणि धागा तोडून-जोडून सोडवणाऱ्या एंझाइमला अडवतं. बारा आठवडे जे मिळेल ते बहुधा पॅक्लिटॅक्सेल. पेशी दुभंगताना आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडतो. पॅक्लिटॅक्सेल तो मोडूच देत नाही.

तीन औषधं, तीन ठिकाणी घाव. टीबीला एकदम तीन-चार औषधं देतात तसाच विचार आहे: एकाला दाद न देणारी पेशी दुसऱ्याने मरावी.

पुन्हा पुन्हा का द्यायचं, हेही वहिनींना समजावून सांगा. एक डोस सगळ्या पेशी मारत नाही, त्यातला ठरावीक हिस्सा मारतो. समजा दर वेळी १०० पैकी ९९ मेल्या. दहा लाख पेशी असतील तर पहिल्यानंतर दहा हजार उरतील, दुसऱ्यानंतर शंभर, तिसऱ्यानंतर एक. प्रत्यक्षात मधल्या दिवसांत काही पुन्हा वाढतात, त्यामुळे गणित इतकं सरळ नसतं. मग रोज का देत नाहीत? कारण जी पेशी भराभर दुभंगते तिला हे औषध गाठतं, मग ती कॅन्सरची असो, केसांच्या मुळाची, तोंडातल्या अस्तराची किंवा हाडाच्या मगजातली, जिथे रक्त तयार होतं. केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी उतरतात, सगळं याच कारणाने. मगज साधारण तीन आठवड्यांत सावरतो, म्हणून २१ दिवसांचं अंतर. केस संपूर्ण केमो झाल्यावर काही महिन्यांत परत येतात.

डोस कसा ठरतो, तेही सांगते, कारण ‘सगळ्यांना एकच सलाईन लावतात’ असं लोकांना वाटतं. फाइल आमच्या खिडकीवर आली की आधी उंची आणि वजन बघायचं. १५२ सेंटिमीटर आणि ६० किलो असेल तर शरीराचं क्षेत्रफळ साधारण १.६ चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे ९५ च्या आसपास. मग त्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट: पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, यकृत, किडनी. एकीने हिशेब करायचा, दुसरीने तो पुन्हा करायचा आणि नाव मोठ्याने वाचायचं. त्यानंतर काचेआड, हवेचा झोत सतत वाहता असलेल्या कपाटात, दोन-दोन हातमोजे घालून सिरिंज भरायची. रंग रूहअफ्जासारखा. नर्स ते हाताने हळूहळू देते आणि मधेच सुई शिरेतच आहे ना हे बघत राहते, कारण हे औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते. देताना चुरचुरलं तर आईंनी लगेच सांगायला हवं, ‘सहन करते’ म्हणायचं नाही. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं; आधी सांगून ठेवलं नाही तर घरात रडारड होते. आणि पाणी भरपूर, कारण सायक्लोफॉस्फमाइडचे अवशेष मूत्राशयाला टोचतात.

शेजारच्या काकांच्या गोळीबद्दल. काकांना बहुधा सीएमएल नावाचा रक्ताचा कॅन्सर असावा आणि गोळी इमॅटिनिबची. त्या आजारात ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक भलतंच प्रथिन तयार होतं आणि ते पेशीला सतत ‘वाढ, वाढ’ असा हुकूम देत राहतं. इमॅटिनिब नेमकं तिथे जाऊन बसतं. २००१ मध्ये हे औषध अमेरिकेत मंजूर झालं. आपल्याकडे मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर सांगितला जायचा, जेनेरिकचा आठ-दहा हजार. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पेटंटचा दावा फेटाळला आणि जेनेरिक गोळीची वाट मोकळी राहिली. काकांच्या स्कूटरमागे तेवढी मोठी लढाई आहे. पण आईंच्या गाठीत ते प्रथिन नाही, त्यामुळे ती गोळी त्यांना कितीही दिली तरी उपयोग शून्य. गोळी सौम्य आणि सलाईन जहाल, हाही समज सोडून द्या. कॅपेसिटाबिन ही गोळी आहे आणि ती पक्की केमो आहे. हातापायांची कातडी सोलवटूही शकते.

आईंच्या नशिबातही एक गोळी आहेच. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठीच्या पेशी इस्ट्रोजेनवर पोसल्या जात होत्या. पाळी गेलेल्या बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन चरबीत वगैरे तयार होतं, आणि लेट्रोझोलसारखी गोळी ते तयार करणारं एंझाइम बंद करते. रोज एक, किमान पाच वर्षं. केमो संपल्यावर ती सुरू होईल. महाग नाही. सांधे दुखतात, हाडं थोडी ठिसूळ होतात. वहिनींना सांगा, गोळी मिळणार आहे, पण तिचा नंबर नंतर.

आता जरा अवघड भाग. इथे मी दादांच्या बाजूला अर्धं पाऊल सरकते.

आईंसारख्या, म्हणजे पाळी गेलेल्या, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काखेत एक ते तीन ग्रंथींत आजार असलेल्या सगळ्याच बायकांना केमोचा फायदा होत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, गाठीतल्या २१ जनुकांची तपासणी करून ज्यांचा गुणांक २५ किंवा त्याखाली आला, अशा पाळी गेलेल्या बायकांत केमोने काही भर पडली नाही, हार्मोनची गोळीच पुरली. मग आईंना केमो का सांगितली? बहुधा ग्रेड ३ मुळे. ग्रेड ३ म्हणजे पेशी भराभर वाढणाऱ्या, आणि अशा गाठींत गुणांक वर जाण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांचा अंदाज बरोबर असू शकतो. पण हा प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे: ‘डॉक्टर, आईंच्या बाबतीत जनुकांची तपासणी करून काही बदलेल का?’ ती महाग आहे, खर्च लाखांत जातो. बंगळुरूत तयार झालेली, गाठीतली प्रथिनं तपासणारी एक वेगळी चाचणीही मिळते. डॉक्टर म्हणतील, ‘ग्रेड, आकार, ग्रंथी बघता निकाल काहीही आला तरी मी केमोच देईन,’ तर मग पैसे घालवू नका.

दुसरा प्रश्न, ‘किती फायदा?’ टक्केवारीत फसायला होतं, म्हणून नीट विचारा. स्तनाच्या कॅन्सरवरच्या जगभरातल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा दिसलं, की आजच्या पद्धतीच्या केमोने या आजाराने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. कशाचा एक तृतीयांश? उदाहरण म्हणून बघा: १०० पैकी ३० जणी दगावणार असतील तर १० वाचतील, ६ दगावणार असतील तर २. दोन्हीकडे तो एक तृतीयांशच, पण दोनसाठी शंभर जणींनी सहा महिने सोसायचं का, हा विचार वेगळा. डॉक्टरांना म्हणा, ‘आईंसारख्या १०० बायका घेतल्या तर केमोमुळे जास्तीच्या किती वाचतील?’ ब्रिटनमध्ये तयार झालेला ‘प्रेडिक्ट’ नावाचा हिशेब इंटरनेटवर फुकट आहे आणि बरेच डॉक्टर तो वापरतात. आकडे तिकडच्या बायकांवरून काढलेले आहेत, म्हणून अंदाज म्हणूनच घ्यायचे. तो डॉक्टरांसोबत बसून भरा. रात्री एकटीने मोबाइलवर भरू नका.

तिसरा, आईंच्या वयाचा आणि बीपीचा. डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं, म्हणून आधी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. चार वेळचं मिळून चौरस मीटरला २४० मिलिग्रॅम होतात. आयुष्यभराची मर्यादा साधारण ४५० ते ५५० धरतात, तेव्हा आत आहोत. तरीही एको काठावरचा असेल तर लाल औषधाशिवायची केमो, डोसेटॅक्सेल आणि सायक्लोफॉस्फमाइड, चार वेळा, असाही पर्याय असतो. ‘लाल औषध लागेलच का?’ असं सरळ विचारा. चांगला डॉक्टर चिडत नाही. चिडला तर दुसरं मत घ्या. मी तर म्हणते, न चिडला तरी घ्या. तुमच्याकडे एम.जी.एम. मेडिकल कॉलेजशी जोडलेलं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. परळचं टाटा हॉस्पिटल अवंतिका एक्सप्रेसने एका रात्रीवर आहे, आणि टाटाच्या तज्ज्ञांचं मत कागदपत्रं ऑनलाइन पाठवूनही मिळतं. मुंबईला जाणार असाल तर फक्त रिपोर्ट नेऊ नका. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीतून गाठीच्या स्लाइड आणि गाठीचे तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, नाहीतर ते आणायला पुन्हा यावं लागेल.

काढ्याबद्दल माझं मत कडक आहे. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती आईंच्या पोटात जाता कामा नये. सायक्लोफॉस्फमाइड असो की पॅक्लिटॅक्सेल, सगळ्यांवरची प्रक्रिया यकृतात होते. त्यावर आणखी काही लादलं आणि रक्तात यकृताचे एंझाइम वाढले की केमो पुढे ढकलली जाते, आणि नेमकं कशाने झालं ते कुणालाच कळत नाही. कोविडच्या काळात ‘प्रतिकारशक्ती वाढवायला’ गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलंय. आणि गुळवेल तर आपल्या ओळखीची. वनस्पतींशी माझं वैर नाही. तुमच्या अंगणात सदाफुली असेल. व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही केमोची औषधं तिच्यातूनच निघाली. आईंचं पॅक्लिटॅक्सेलही मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीतून आलं. पण सदाफुलीच्या शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघतं, मग ते शुद्ध करून, मोजून, रक्त तपासून देतात. सदाफुलीची पानं चावून कुणी बरं होत नाही, विषबाधा मात्र होते. येलमधल्याच संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, शरीरात इतरत्र न पसरलेला स्तनाचा कॅन्सर असून नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांत मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त आढळला. दादांना बाटली फेकायला लावू नका, भांडण होईल. बाटली घेऊन ओपीडीला चला म्हणावं, डॉक्टरांना दाखवू. बहुतेक बाटल्या तिथे जायच्या आधीच माळ्यावर जातात.

गणपतीचं म्हणाल, तर बाप्पा अडवणार नाही, आपणच अडून बसतो. गणपती झाले की पितृपक्ष, ‘पितृपक्षात नको’. मग नवरात्रात घट. मग दिवाळी. ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत केमो सुरू करायची धडपड असते; ९० दिवस उलटले की निकाल बिघडतो असं अभ्यासांत दिसलंय. तुमचे तीन आठवडे गेलेत. दुसऱ्या मताला दोन आठवडे आहेत, दोन महिने नाहीत. डॉक्टरांना गणपतीच्या तारखा सांगा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. ते दिवस टाळून तिसऱ्या आठवड्यात गणपती आले तर आई मोदक वळायला बसूही शकतील. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या मात्र यंदा टीव्हीवर.

आईंना न सांगता? नाही ताई. नियमाने केमोच्या संमतीपत्रावर सही त्यांचीच लागते, पण ते बाजूला ठेवा. केस गळतील, डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीतली बाई ‘तुमचा कुठला कॅन्सर?’ म्हणून विचारेल, भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेलं असेल. तुमच्या आईंना वाचता येतं. माझ्या खिडकीसमोर बसलेल्या अशा कितीतरी आयांना सगळं ठाऊक असायचं. मुलांना वाईट वाटू नये म्हणून त्या गप्प. दोन्ही बाजूंनी नाटक आणि मधे कुणी बोलायचं नाही.

शिवाय हा जिवाशी गाठ असलेला मुद्दा आहे. पांढऱ्या पेशी खाली असतात त्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं असतं. तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. सकाळची वाट बघायची नाही, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणून ताप उतरवायचा नाही. ज्या बाईला आपल्याला काय झालंय हेच माहीत नाही, ती कणकण आली तर म्हणेल, ‘दमणूक झाली असेल, पोरांना कशाला उठवू.’ तिला माहीत असेल तरच ती तुम्हाला उठवेल. थर्मामीटर आईंच्या उशाशी ठेवा, दादांच्या कपाटात नको.

कसं सांगायचं? एकदम सगळं नको. दुपारी, घरात पाहुणे नसताना: ‘आई, त्या गाठीच्या तपासणीत कॅन्सर निघाला. तो काढून टाकलाय. परत येऊ नये म्हणून डॉक्टर काही महिने औषध द्यायचं म्हणतायत. तुला काय विचारायचंय ते विचार.’ आणि थांबा. त्या गप्प बसल्या तर गप्प बसू द्या. बाबांचं नाव त्याच काढतील. तेव्हा फरक सांगा, की बाबांचा आजार पसरल्यावर कळला, तुझा आत्ता तरी कुठे पसरलेला दिसत नाही. ‘तुला काही होणार नाही’ असं मात्र वचन देऊ नका.

बाकीचं भराभर. केमोआधी उलटी थांबवायला जी इंजेक्शनं देतात त्यात बहुधा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असतं, त्याने दोन-तीन दिवस शुगर चढते. शुगरच्या डॉक्टरांना आधी कळवा आणि घरात ग्लुकोमीटर ठेवा. बाबांच्या वेळच्या उलट्या दादांच्या डोळ्यांपुढे आहेत. आता अ‍ॅप्रेपिटँट, ओलँझापाइन अशी औषधं जोडून देतात आणि बहुतेकांना तेवढा त्रास होत नाही. झालाच तर ‘चालायचंच’ म्हणू नका, औषध बदलून मागा. पॅक्लिटॅक्सेलने बोटांना मुंग्या येतात, शुगरवाल्यांना जास्त. कढईचा चटका कळेनासा झाला किंवा ब्लाउजचे हुक लावता येईनात, तर त्याच आठवड्यात सांगा, डोस कमी करता येतो. केमोआधी दात दाखवून घ्या. घरचे पोहे-जीरावन खुशाल, सराफा बाजारातलं बाहेरचं खाणं नको, कापून ठेवलेली फळं नकोत.

पैशांसाठी: ही तिन्ही औषधं जुनी आहेत, पेटंट संपलेली आहेत आणि जेनेरिक मिळतात, त्यामुळे ‘डॉक्टरला कमिशन मिळतं म्हणून केमो’ हा संशय धरण्याआधी दोन ठिकाणी भाव विचारा. कागदावर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. आयुष्मान कार्डात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. सत्तरीच्या पुढे उत्पन्नाची अट नाही, पण आई ६३ च्या, तेव्हा तुमचं कुटुंब यादीत आहे का ते बघावं लागेल.

आणि सगळं समजून घेऊन आईच ‘केमो नको’ म्हणाल्या तर? तो निर्णय त्यांचा. तसं झालं तरी उपचार संपत नाहीत, आणि काढ्याची बाटली उघडायची वेळही येत नाही. ईआर पॉझिटिव्ह गाठीत हार्मोनची गोळी हा उपचाराचा मोठा हिस्सा आहे. टॅमॉक्सिफेन ही त्या कुळातली जुनी गोळी पाच वर्षं घेतलेल्यांत या आजाराने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, आणि पाळी गेलेल्यांत लेट्रोझोलचा वर्ग तिच्याहून थोडा सरस ठरला. रेडिएशनचाही विचार होईल. ग्रेड ३ आणि काखेत आजार, या दोन्हींमुळे अ‍ॅबेमासिक्लिब नावाची आणखी एक गोळी दोन वर्षं जोडायची का, हेही विचारता येईल. ती महाग आहे आणि सुरुवातीला पोट बिघडवते.

ओपीडीत डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आईंना बसवा, शेजारी दादांना. तुम्ही मागे उभ्या राहा आणि लिहून घ्या. लेट्रोझोलसाठी हाडांची घनता बघावीच लागणार आणि केमो ठरली तर टूडी एको लागणार. दोन्हींच्या तारखा आत्ताच घ्या, आणि गेल्या तीन महिन्यांचे शुगरचे रिपोर्ट फाइलला लावून ठेवा.